गवतावरून टर्फवर : महाराष्ट्रातील महिला हॉकीची वाटचाल

महिलांच्या राष्ट्रीय हॉकी स्पर्धेचा करंडक अनेक वर्षे ज्यांच्या नावाने खेळला गेला त्या लेडी रतन टाटा म्हणजे नवाजबाई टाटा, सर रतन टाटा यांच्या पत्नी. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा नवल टाटा पुढे भारतीय हॉकी महासंघाचा अध्यक्ष झाला. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके पुरुष संघाने त्यांच्याच कारकिर्दीत जिंकली. आईच्या नावाचा करंडक मुलींसाठी आणि मुलाच्या हाती पुरुषांच्या खेळाची सूत्रे, असा मुंबईतल्या एकाच घराचा भारतीय हॉकीशी दुहेरी संबंध. पुरुषांच्या पदकांच्या कहाण्या आजही सांगितल्या जातात. त्या करंडकासाठी खेळलेल्या मुलींची नावे मात्र क्रीडाप्रेमी घरांतसुद्धा फारशी कोणाला आठवत नाहीत. हा लेख त्या मुलींसाठी आहे, आणि त्यांच्यामागे जी संस्था कधी उभी राहिली, कधी राहिली नाही, तिच्यासाठीही.

मुंबईला हॉकी नवी नव्हती. कोलकात्यात १८९५ साली बेटन कप सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत आगाखान स्पर्धा. १९२५ मध्ये ग्वाल्हेरला पुरुषांचा महासंघ स्थापन झाला. महिलांची अखिल भारतीय संघटना यायला १९४७ साल उजाडावे लागले. पुढे या संघटनेची धुरा बेगम ऐजाज रसूल यांनी प्रदीर्घ काळ वाहिली. घटना समितीत बसलेल्या त्या एकमेव मुस्लिम महिला. १९५३ मध्ये भारतीय मुलींचा संघ इंग्लंडमधल्या फोकस्टोनला आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी गेला. त्या काळी मुलींची हॉकी म्हणजे प्रामुख्याने कॉन्व्हेंट आणि मिशनच्या शाळा, लष्करी छावण्यांच्या आसपासच्या वस्त्या, रेल्वे कॉलन्या. अँग्लो-इंडियन, पारशी, गोवन ख्रिश्चन घरांतल्या मुली स्कर्ट घालून मैदानात उतरत आणि घरचे त्यांना अडवत नसत. मराठी मध्यमवर्गीय घरातली मुलगी तेव्हा लंगडी, खो-खो आणि फार तर हुतूतू खेळत होती. तिच्या शाळेला एवढे मोठे सपाट मैदानच नव्हते, आणि स्टिक विकत घेणे हा खर्च घरखर्चात कुठेच बसत नव्हता.

साठच्या दशकावर म्हैसूरचे राज्य होते. एल्व्हेरा ब्रिटो हिच्या नेतृत्वाखाली १९६० ते १९६७ या आठ वर्षांत त्या संघाने सात राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. रिटा आणि मे या तिच्या दोन्ही बहिणीही हॉकीपटू. अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, १९६१ मध्ये, बंगालच्या अ‍ॅन लम्सडेन यांना तो महिला हॉकीसाठी मिळाला. एल्व्हेराला १९६५ मध्ये मिळाला. म्हणजे खेळाला मान होता, खेळाडू होत्या, प्रेक्षकही होते. नव्हती ती जगाच्या मोठ्या व्यासपीठावर जागा, कारण ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीच नव्हती.

फ्रान्समध्ये मांदेलिय येथे १९७४ साली पहिला महिला विश्वचषक भरला आणि अजिंदर कौर हिच्या संघाने चौथा क्रमांक मिळवला. मग आले १९८०. मॉस्कोत ऑलिंपिकच्या इतिहासात प्रथमच महिलांची हॉकी होणार होती. अमेरिकेच्या पुढाकाराने बहिष्कार पडला, ठरलेल्या संघांपैकी यजमान सोव्हिएत संघ तेवढा उरला, आणि रिकाम्या जागांवर भारत, ऑस्ट्रिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि नुकताच स्वतंत्र झालेला झिंबाब्वे यांना बोलावणे गेले.

रूपा सैनी हिच्या नेतृत्वाखाली गेलेल्या त्या सोळा जणींची यादी आज वाचली की त्या वेळच्या भारतीय महिला हॉकीचे चित्रच डोळ्यांपुढे येते. एलायझा नेल्सन, सेल्मा डिसिल्व्हा, मार्गारेट टोस्कानो, लॉरेन फर्नांडिस, हुतोक्षी बगली, नझलीन मद्रासवाला, रेखा मुंडफन, वर्षा सोनी, गंगोत्री भंडारी, हरप्रीत गिल, प्रेममाया सोनीर... गोवन, पारशी, मराठी, पंजाबी, पहाडी. यांतली एलायझा पुण्यात जन्मलेली, सेल्मा मुंबईची. रेखा मुंडफन, म्हणजे लग्नानंतरच्या रेखा भिडे, पुण्याच्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. गवतावर वाढलेल्या या मुली मॉस्कोत कृत्रिम टर्फवर उतरल्या. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, त्याला स्टिकने कुरवाळत नेता येते. टर्फवर तो सरळ आणि वेगात सुटतो, नजर आणि पाय क्षणभर जरी मागे राहिले तरी हातातून जातो.

तरीही काय खेळल्या त्या! ऑस्ट्रियाला २–०, पोलंडला ४–० असे हरवले. चेकोस्लोव्हाकियाकडून १–२ अशा निसटत्या फरकाने हार झाली. ज्या झिंबाब्वेने पुढे सुवर्णपदक नेले त्या संघाला १–१ असे बरोबरीत रोखले; त्या संघाला संपूर्ण स्पर्धेत कोणीही हरवू शकले नाही. सोव्हिएत संघाकडून मात्र १–३ अशी हार पत्करावी लागली. पाच सामन्यांत नऊ गोल केले, सहा स्वीकारले, पाच गुण मिळाले. सोव्हिएत संघाचे सहा. तो एक सामना बरोबरीत सुटला असता तर भारताचे सहा आणि यजमानांचे पाच झाले असते, आणि कांस्यपदक भारतीय मुलींच्या गळ्यात पडले असते. एका सामन्याने पदक हुकले. त्याच मॉस्कोत पुरुष संघाने स्पेनला ४–३ हरवून सुवर्ण जिंकले आणि मथळे साहजिकच तिकडे गेले. चौथा क्रमांक मिळवलेल्या सोळा मुली कोणाच्या फारशा लक्षात राहिल्या नाहीत. पुढे एकेचाळीस वर्षांनी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, टोकियोत भारतीय महिला पुन्हा चौथ्या आल्या तेव्हा सारा देश हळहळला. ती हळहळ मॉस्कोच्या संघाच्याही वाट्याला यायला हवी होती.

मॉस्कोनंतर दोनच वर्षांनी हिशेब चुकता झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला आणि एलायझा नेल्सन कर्णधार असलेल्या संघाने सुवर्णपदक जिंकले. याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने पुरुषांचा १–७ असा धुव्वा उडवला होता. तो पराभव आजही लोक विसरलेले नाहीत. मुलींचे सुवर्ण मात्र विसरले. एलायझाला १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याच्या छावणीकडच्या रस्त्यांवरून या मुलीने जिथवर मजल मारली, तिथवर महाराष्ट्रातल्या फार थोड्या महिला खेळाडू त्या काळात पोहोचल्या.

इथून पुढची वर्षे सांगायला फार काही देत नाहीत. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ममता खरब हिच्या गोल्डन गोलने इंग्लंडवर ३–२ असा विजय मिळाला. त्या संघाच्या गोलकीपरना शिकवणारे होते मीररंजन नेगी. पुढे २००७ मध्ये आलेल्या ‘चक दे! इंडिया’ने ती लढत घराघरांत पोचवली. २००९ पासून हॉकी इंडिया या एकाच छत्राखाली पुरुष आणि महिला दोघांचाही कारभार आला. पण ऑलिंपिकचे दार महिलांसाठी पुन्हा उघडायला २०१६ चे रिओ उजाडले. मॉस्कोनंतर छत्तीस वर्षे! त्या काळात हॉकी पूर्णपणे टर्फवर गेली. टर्फ महाग, त्याला पाणी मारावे लागते, त्याची निगा राखावी लागते. शाळेच्या मैदानावर वाढणाऱ्या पिढ्यांची साखळी तिथे तुटली. छावणीतल्या आणि चर्चच्या अंगणातल्या मुलींची जागा घेणारी नवी मुलगी कुठून येणार, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे बराच काळ तसाच होता.

या सगळ्या काळात महिला हॉकीला धरून ठेवले ते रेल्वेने. मुंबईच्या लोकलवर जगणाऱ्या कोपर, डोंबिवली, दिवा इथल्या वाचकाला रेल्वे म्हणजे काय हे सांगायला नको, पण रेल्वेचे हे रूप फारसे कोणी पाहिलेले नसते. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासूनचे. मुलगी राज्याकडून खेळली, वीस-बावीस वर्षांची झाली, घरात लग्नाचा विषय निघाला की खेळ संपणार हे ठरलेलेच असे. तिथे रेल्वेने तिच्या हातात नोकरीचे पत्र ठेवले. महिन्याचा पगार घरी येऊ लागला की सरावाला जाणाऱ्या मुलीला कोणी अडवत नाही. राष्ट्रीय महिला हॉकीत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे दबदबा राखून राहिला आणि टोकियोला गेलेल्या संघातल्या बहुसंख्य मुली रेल्वेच्या नोकरीत होत्या. जगात अन्यत्र जे काम विद्यापीठे करतात ते आपल्याकडे रेल्वेने केले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

विद्यापीठे ते काम कसे करतात हे अमेरिकेत पाहावे. १९०१ मध्ये कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी नावाच्या इंग्रज शिक्षिकेने हार्वर्डच्या आवारात स्टिक आणि चेंडू घेऊन खेळ दाखवला आणि मग ती मुलींच्या महाविद्यालयांतून तो शिकवत फिरली. तेव्हापासून तिकडे हॉकी हा महाविद्यालयीन मुलींचा खेळ झाला. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांतला मुलगा-मुलगी भेद बेकायदा ठरवला आणि मुलींच्या संघांना पैसा, मैदान, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची कॅरेन शेल्टन १९८१ मध्ये प्रशिक्षक झाली आणि २०२२ पर्यंत तिथेच राहिली. दहा राष्ट्रीय विजेतेपदे, ७४५ विजय. शेवटच्या हंगामात तिच्या संघाने खेळलेले एकवीसच्या एकवीस सामने जिंकले. तिची सर्वांत मोठी खेळाडू एरिन मॅटसन पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच संघाची प्रशिक्षक झाली आणि पहिल्याच हंगामात शूटआउटमध्ये विजेतेपद राखले. तिथले मैदान शेल्टनच्या नावाचे आहे. एक माणूस एका जागी चाळीस वर्षे टिकून राहिला की काय घडते, याचे असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आपल्याकडे विद्यापीठांची स्पर्धा आहे, चांगली जुनी आहे. भारतीय विद्यापीठ संघ विभागवार आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवतो, विभागातले पहिले संघ अखिल भारतीय फेरीला जातात. २०२० मध्ये भुवनेश्वरपासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या. पण आपले विद्यापीठ खेळाडू घडवत नाही, घडलेली खेळाडू तेवढी उतरवते. वर्षाचे काही आठवडे निवड चाचणी, शिबिर, स्पर्धा, आणि मग पुन्हा परीक्षा. मुलीला बाराही महिने टर्फ, आहार आणि प्रशिक्षक देणारी व्यवस्था विद्यापीठाच्या बाहेर आहे. महाराष्ट्रात ती क्रीडा प्रबोधिनीत आहे.

राज्य शासनाची ही निवासी योजना शाळकरी मुलामुलींना शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेऊन निवडते आणि खेळ, निवास, जेवण, शिक्षण एकत्र देते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत उभे राहिलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल पुढे असंख्य मुलांचे घर बनले. आणि या व्यवस्थेला मुली पुरवणारे एक गाव नकाशावर उगवले, जिथे छावणी नाही, कॉन्व्हेंटची परंपरा नाही, रेल्वे कॉलनी नाही. सातारा जिल्ह्यातले फलटण.

उसाचा, डाळिंबाचा, दुधाचा तालुका. इथल्या मुधोजी हायस्कूलच्या मैदानावर विकास भुजबळ यांनी मुलींच्या हातात स्टिक दिली. आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे, आणि ऋतुजा पिसाळ. तिघीही याच मैदानावरून क्रीडा प्रबोधिनीत गेल्या आणि तिघीही भारताकडून खेळल्या. भारतीय संघाच्या याद्यांत त्यांची नावे वडिलांच्या नावासकट छापली जातात: वैष्णवी विठ्ठल फाळके, अक्षता आबासो ढेकळे, ऋतुजा दादासो पिसाळ. एका तालुक्याच्या एका शाळेने देशाला तीन आंतरराष्ट्रीय महिला हॉकीपटू द्याव्यात, ही गोष्ट महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात ठळक अक्षरांत लिहिण्याजोगी आहे. शाळेत खेळ टिकतो तो एका शिक्षकाच्या हट्टावर. सकाळी मैदान आखणे, मोडक्या स्टिक बांधून घेणे, आईवडिलांची समजूत काढणे, परगावच्या स्पर्धेला मुलींना सुखरूप नेऊन आणणे. यातले काहीच कोणत्या निकालपत्रकात लिहिले जात नाही.

२०२३ हे या मुलींचे वर्ष ठरले. जूनमध्ये जपानच्या काकामिगाहारात ज्युनियर आशिया चषक झाला. अठरा जणींच्या भारतीय संघाच्या मधल्या फळीत महाराष्ट्राच्या तिघी होत्या: वैष्णवी, ऋतुजा आणि मनश्री शेडगे. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. बाविसाव्या मिनिटाला अन्नूने पेनल्टी स्ट्रोकवर आघाडी दिली, तीन मिनिटांत कोरियाने बरोबरी केली, आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला नीलमने दुसरा गोल केला. २–१. भारताने ज्युनियर महिलांचा आशिया चषक पहिल्यांदाच जिंकला. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या वरिष्ठ संघात वैष्णवी होती.

राज्याचा संघही मागे नव्हता. काकीनाड्याच्या २०२३ च्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र अंतिम फेरीत पोचला आणि मध्य प्रदेशाकडून हरला. पुढच्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, स्पर्धा घरच्या मैदानावर आली. पिंपरीच्या नेहरूनगरमधले मेजर ध्यानचंद स्टेडियम. पुन्हा अंतिम फेरी, समोर हरियाणा, निकाल ०–३. दोन वर्षांत दोन उपविजेतेपदे. हरियाणाचा संघ म्हणजे जवळपास अर्धा भारतीय संघ, असे हॉकीत म्हणतात. शाहबाद आणि सोनीपतच्या मैदानांवर तिथे दोन-तीन दशके जे पेरले गेले त्याचे पीक ते घेत आहेत. महाराष्ट्राची पेरणी अलीकडची आहे, हे लक्षात घेतले तर ही दोन रौप्यपदके फार मोठी वाटतात.

या सगळ्यावर कळस चढला तो २६ जानेवारी २०२५ ला, रांचीत. हॉकी इंडियाने महिलांची व्यावसायिक लीग प्रथमच भरवली होती. चार संघ: ओडिशा वॉरियर्स, सूरमा, दिल्लीचे एसजी पायपर्स आणि बंगाल टायगर्स. देशोदेशींच्या ऑलिंपिक खेळाडू इथल्या मुलींच्या खांद्याला खांदा लावून खेळत होत्या. अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सकडून ऋतुजाने विसाव्या मिनिटाला गोल केला. सूरमाच्या पेनी स्क्विबने अठ्ठाविसाव्या मिनिटाला बरोबरी साधली. मग जवळजवळ अर्धा तास दोन्ही बाजूंनी गोलसमोरच्या ‘डी’पर्यंत धडका, गोल मात्र कोणाचाच नाही. साठ मिनिटांच्या सामन्यात चार मिनिटे उरली असताना, छप्पन्नाव्या मिनिटाला, चेंडू पुन्हा ऋतुजाच्या स्टिकवर आला आणि गोलात गेला. २–१. महिलांच्या पहिल्यावहिल्या हॉकी इंडिया लीगचे विजेतेपद ठरवणारे दोन्ही गोल फलटणच्या मुलीचे. याआधी २०२४ च्या सुरुवातीला मस्कतमध्ये फाइव्ह-अ-साइड विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सपुढे भारत २–७ असा हरला, तेव्हाही भारताच्या दोन गोलांपैकी एक तिचा होता. त्या रौप्यविजेत्या संघात अक्षताही होती. मोठ्या सामन्यात गोल करण्याची ही सवय शिकवून येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये हांगझौच्या आशिया चषकात भारताला अंतिम सामन्यात चीनकडून १–४ अशी हार पत्करावी लागली. त्या रौप्यविजेत्या वरिष्ठ संघात ऋतुजा आक्रमणात होती, वैष्णवी मधल्या फळीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या राजगीरला याच चीनला १–० हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला गेला, तेव्हाही वैष्णवी संघात होती.

आता डोंबिवलीशेजारच्या कोपरकडे पाहू. इथल्या मुलीला मुंबईच्या हॉकीचे मुख्य मैदान गाठायचे तर धीम्या गाडीने दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, आणि मग चर्चगेटचे महिंद्रा स्टेडियम. १९८२ चा पुरुषांचा विश्वचषक इथेच झाला. पाठीवर कॉलेजची बॅग, खांद्याला स्टिकची लांब पिशवी आणि संध्याकाळच्या महिला डब्यातली गर्दी. फलटणच्या मुलीला निदान शाळेचे मैदान पायी चालण्याच्या अंतरावर होते. कल्याण-डोंबिवलीतली बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, म्हणजे विद्यापीठाच्या संघाचे दार इथल्या मुलींना उघडे आहे. डोंबिवलीत महापालिकेचे सावळाराम महाराज क्रीडासंकुल आहे. शाळांची पटांगणे आहेत. फाइव्ह-अ-साइड हॉकीला पूर्ण मैदान लागत नाही, त्याच्या निम्म्याहून कमी जागेत ती खेळता येते. पाचवी-सहावीच्या वीस मुली, तेवढ्याच स्टिक, चेंडूंची एक पिशवी आणि रोज संध्याकाळी तासभर देणारा एक शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांना याच वयाच्या मुली लागतात. टर्फची मागणी त्यानंतर महापालिकेकडे नेता येईल, आणि तेव्हा ती नेणाऱ्यांच्या हातात जिल्हा स्पर्धांचे निकाल असतील.